भाऊजी, तुमच्या पिकअपचा पिवळा दिवा

भाऊजी, तुमच्या पिकअपचा दिवा तुम्ही गेल्यावरही लागतच होता. तेरावं झालं, मांडव उतरला, पाहुणे आपापल्या गावी गेले, आणि ती नर्सरीच्या फाटकापाशी तुम्ही उभी केली होती तशीच होती, पुढची चाकं जराशी वळवून. एकदा मी चावी फिरवून पाहिली. पहिल्या झटक्यात सुरू झाली आणि समोर डॅशबोर्डवर इंजिनचा तो पिवळा दिवा लागला. मला बरं वाटलं की वाईट, ते सांगता येणार नाही. सध्या मला कशाचंच काही धड सांगता येत नाही.

लोक येतात ते तुमच्या दादांना भेटायला. धाकटा भाऊ गेला म्हणून त्यांचा हात हातात घेऊन बसतात. मी चहा आणून ठेवते. दिरासाठी भावजयीनं किती रडावं याचा आपल्यात काही रिवाज नाही, आणि तसं पाहिलं तर तोवर मी रडलेही नव्हते. बायको असते तर बायकांनी जवळ घेतलं असतं, बहीण असते तर माहेरचे आले असते. मी नुसती वहिनी. शहराबाहेरच्या तिलवाऱ्याची ही नर्सरी तुम्ही आणि मी मिळून चालवत होतो, दिवसातला जास्त वेळ तुमच्याशी भांडण्यात जात होता, हे कुणाला सांगायचं? मी कपबश्या विसळत राहिले.

एक गोष्ट मात्र प्रत्येकजण म्हणतो आणि ती ऐकून माझं डोकं फिरतं. "गाडीची किती काळजी घ्यायचे, स्वतःची नाही घेतली." हे साफ खोटं आहे. तुम्ही दिवाळीनंतर तपासून आला होतात. छातीचा कागद चांगला निघाला होता, साखर बरी होती. तो कागद तुम्ही मला नर्सरीत आणून दाखवला आणि म्हणालात, "पहा वहिनी, माझा एकही दिवा लागत नाही." सगळं तपासूनही माणूस जातो, एवढं साधं लोकांना पटत नाही. त्यांना तुमची काहीतरी चूक सापडायला हवी असते.

चुका तुमच्या होत्या, भाऊजी, पण त्या गाडीच्या बाबतीत होत्या.

हिच्या आधीची जुनी पिकअप तुमच्या हातात इतकी वर्षं टिकली की लोक विचारायला यायचे. सकाळी आल्या आल्या ती सुरू करायची आणि तुमचा चहा संपेपर्यंत तशीच धडधडत ठेवायची. मग बॉनेटवर तळहात ठेवून पाहायचं. ताप बघितल्यासारखा तुमचा चेहरा व्हायचा. मग हळूच पहिला गिअर. बरगी गावाच्या मोकळ्या रस्त्यालाही तुम्ही तिला कधी दामटलं नाही. मागून ट्रॅक्टर हॉर्न वाजवायचे. संध्याकाळी बॅटरीची तार काढून ठेवायची, कारण कुठून तरी करंट झिरपून बॅटरी उतरायची आणि ते 'कुठून तरी' तुम्हाला कधी सापडलं नाही. रागावलात की तिच्याशी हिंदीत बोलायचात, खूश असलात की मराठीत. "चल ना अब, नखरे मत कर," आणि चढ चढली की, "शाबास माय."

त्याच गाडीवर तुम्ही मला शिकवलंत. नर्सरीमागच्या मोकळ्या मैदानात, लग्न होऊन पोरं मोठी झालेली बाई मी, आणि तुम्ही शेजारी बसून म्हणत होतात, "क्लच असा सोडा वहिनी, जसं झोपलेल्या लेकराच्या अंगावरून हात काढता." घरी कुणाला ते पसंत नव्हतं. लायसन्स काढायलाही तुम्हीच मागे लागलात. मी कधी चालवेन असं मला वाटलं नव्हतं आणि तुम्ही असेपर्यंत तशी गरजही पडली नाही.

मग ती थकली. तुमचे दादा आणि मी मिळून नवीन घ्यायला लावली. तुम्ही शोरूममध्ये गाडीभोवती फिरलात, बॉनेट उघडायला लावलंत, आत वाकून पाहिलंत आणि मला बाजूला घेऊन म्हणालात, "वहिनी, याच्यात इंजिन कमी अन् वायरी जास्त दिसून राहिल्या."

पण घेतली. आणि जुनीच्या सगळ्या सवयी जशाच्या तशा तिला लावल्यात. तोच चहा, तोच बॉनेटवरचा हात, तीच बैलगाडीची चाल, संध्याकाळी तीच तार काढून ठेवणं. रोजची फेरी ती केवढी? नर्सरी ते शहर, बड्या फुहाऱ्याच्या बाजारातल्या गर्दीतून रांगत रांगत, चार बंगल्यांत रोपं उतरवून परत. काही महिन्यांत दिवा लागला. सकाळी तार जोडली की कधी कधी तो विझलेला असे आणि तुम्हाला वाटे, बरी झाली. दुपारपर्यंत परत हजर.

तेव्हा तुम्ही जे केलंत ते जगात दुसऱ्या कुणी केलं नसेल. माझ्या पर्समधलं टिकल्यांचं पाकीट मागून घेतलंत, त्यातली मोठी मरून टिकली निवडलीत आणि दिव्यावर चिकटवून टाकलीत. मी म्हटलं, "हे काय करून राहिले भाऊजी?"

"दिसलं नाही की त्रास नाही."

"अन् गाडीला काही झालं तर?"

"गाडीला काही झालं तर माझ्या हाताला कळेल. या दिव्याला काय कळते?"

मी चिडले होते, पण हसूही आलं होतं. पुढे कितीतरी दिवस आपण त्या टिकलीकडे बघत बरगीला जाऊन येत होतो. रस्त्यात भांडणाचा विषय तोच. तुमचं म्हणणं, गाडी माणसाच्या हातानं टिकते, बाकी सगळं विकणाऱ्यांचं नाटक. माझं म्हणणं, गाडी काहीतरी सांगते आहे तर ऐकून तर घ्या.

तुमचं अगदीच चूक होतं असं नाही. एकदा आंब्याची कलमं भरून आपण बरगीकडे निघालो होतो आणि अर्ध्या वाटेत तिचा जीवच गेला. पेडल दाबा की न दाबा, रांगायच्या पुढे जायला तयार नाही. नर्सरीतल्या उंदरानं एक बारीकशी वायर कुरतडली होती, एवढंच. तुम्ही पक्कड घेऊन बॉनेटखाली वाकलात आणि बराच वेळ वाकलेलेच राहिलात, कारण हात घालायला जागाच सापडेना. शेवटी दुसऱ्याच्या गाडीला बांधून आणावी लागली. कलमं उन्हानं माना टाकून बसली होती. घरी आल्यावर तुम्ही म्हणालात, "जुनीची अशी वायर उंदरानं खाल्ली असती, तर उंदीर मेला असता, गाडी चालली असती." दुसऱ्या दिवशी बॉनेटखाली डांबराच्या गोळ्यांच्या पुरचुंड्या बांधल्यात. त्या वासानं मला शिंका यायच्या.

माझ्या हट्टानं शेवटी आपण त्या मेकॅनिकभैयाकडे गेलो. त्याला तुम्ही 'कम्प्युटरवाले डॉक्टर' म्हणायचात, तेही त्याच्या तोंडावर. त्यानं पहिल्यांदा टिकली पाहिली, माझ्याकडे पाहिलं, नखानं ती काढली आणि हसू दाबत स्टिअरिंगवर चिकटवली. मग स्टिअरिंगखाली आपलं यंत्र लावून बसला. तुम्ही हाताची घडी घालून, तो लाच मागणार असल्यासारखे उभे होतात.

"भैया, गाड़ी में कोई खराबी नहीं है," तो म्हणाला. "आप इसे प्यार बहुत करते हो."

"मतलब?"

मग त्यानं सांगितलं. या नव्या गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये एक जाळी असते. धुराची काजळी हवेत जाऊ नये म्हणून त्या जाळीत बसते. गाडी लांब आणि जोरात पळाली की जाळी तापते आणि काजळी आपोआप जळून जाते. "आप इसे खड़े-खड़े गरम करते हो, फिर बैलगाड़ी जैसी चलाते हो. जाली बेचारी कभी तपती ही नहीं. हफ्ते में एक बार नागपुर रोड पर निकलो, आधा घंटा खींच के चलाओ, बीच में बंद मत करना. बत्ती अपने आप जाएगी."

आणि तार काढायची गोष्ट कळल्यावर तर त्यानं कपाळाला हात लावला. "ये गाड़ी चलते-चलते सीखती है भैया. आप रोज शाम को सब भुलवा देते हो."

परतताना तिलवाऱ्याचा पूल दिसायला लागल्यावर म्हणालात, "म्हणजे जपलं म्हणून बिघडली? असं कुठं असते का वहिनी?"

"असते. तुमच्या दादांचंच पहा ना. मी इतकं जपलं, काय झालं?"

तुम्ही इतके हसलात की गाडी बाजूला घ्यावी लागली. पण ऐकलं मात्र नाहीत. रिकामी गाडी उगाच दामटायची, डिझेल जाळायचं, इंजिनला ओरडायला लावायचं, हे तुमच्या हाताला जमणारच नव्हतं. ते मला तेव्हाच समजलं होतं. ज्या माणसानं आयुष्यभर गाडीला हळू चालवूनच सांभाळलं, त्याला कुणी येऊन सांगतं की तुझ्या हळू चालण्यानंच ती घुसमटते. त्यानं तरी काय करावं?

शेवटचं भांडण तुम्ही गेलात त्याच आठवड्यातलं. मी म्हटलं, एकदा करून तर पाहू. तुम्ही कलमाची सुरी पुसत होतात.

"ठीक आहे, चलो. रविवारी जाऊ," तुम्ही म्हणालात. "पण चालवा तुम्ही. मला तिला असं पळवणं नाही होणार. मी बाजूला बसतो."

"दिवा गेला तर?"

"तर बॅटरीले हात नाही लावणार."

"अन् नाही गेला तर?"

"तर ही विकायची, एखादी जुनी पाहायची. अन् मग तुम्ही तोंड उघडायचं नाही."

रविवार यायच्या आधीच तुम्ही गेलात. दुपार होती. गुलाबाच्या वाफ्यापाशी पालथ्या कुंडीवर बसला होतात. मी लांबून पाण्याचा पाईप पुढच्या रांगेत सरकवायला सांगितलं. तुम्ही "हो" म्हणालात आणि उठला नाहीत. मी पुन्हा सांगितलं. मग जवळ आले. त्यानंतरचं मला सगळं आठवतं, पण दुसऱ्या कुणाच्या घरी घडलं असावं तसं आठवतं. पाणी संध्याकाळपर्यंत वाहत होतं. बॅटरीची तार काढायची त्या दिवशी राहूनच गेली.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तुमचे दादा म्हणाले, "गाडी काढून टाकू. चालवणार कोण? अन् तो दिवा सारखा लागते. खराब गाडी दारात ठेवून काय करायचं?" मंडल्याकडचा एक माणूस घ्यायला तयार होता. रविवारी संध्याकाळी येतो म्हणाला. तुमच्या दादांना गाडीतलं काही कळत नाही हे तुम्हाला माहीतच आहे. त्यांना नुसतं तिच्याकडे बघवत नव्हतं.  पण पिकअप गेली की नर्सरी गेली, हे मला कळत होतं. रोपं काय डोक्यावरून नेणार? आणि गाडीत खरंच खोट असेल तर ती ठेवा असं मी कोणत्या तोंडानं म्हणणार? खोट गाडीत होती की तुमच्या हातात, हे तो माणूस यायच्या आत मला कळायला हवं होतं.

म्हणून रविवारी सकाळी मी निघाले. घरी सांगितलं, रोपं पोचवून येते.

ती लगेच सुरू झाली. चहापुरतीही थांबले नाही, सरळ फाटकाबाहेर काढली. तुमच्या देखत मला ते जमलं नसतं. पूल ओलांडून नागपूर रोडला लागले आणि वरच्या गिअरला न जाता पाय दाबत गेले. इंजिन ओरडायला लागलं. त्या गाडीचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मागचा रिकामा हौदा खडखडत होता, काहीतरी जळल्याचा वास यायला लागला, आणि माझी नजर रस्त्यावर कमी आणि दिव्यावर जास्त. तुमच्या जागी मी बसले होते आणि माझी जागा रिकामी होती.

खरं सांगते भाऊजी, मला काय हवंय हेच मला कळत नव्हतं. दिवा विझला तर गाडी वाचणार होती. पण दिवा विझला तर तुम्ही चुकलात हे कायमचं ठरणार होतं, आणि त्यावर उलटून बोलायला तुम्ही नव्हतात. इतकी वर्षं मला तुमच्यावर कुरघोडी करायची होती. त्या दिवशी वाटत होतं, राहू दे, लागू दे दिवा, म्हातारी होईपर्यंत लागू दे.

तो कधी विझला ते मी पाहिलं नाही. एक मोठा ट्रक मला ओलांडून चालला होता, त्याच्याकडे लक्ष होतं. परत पाहिलं तर समोर अंधारी जागा. मी आणखी थोडी पुढे गेले. नाही लागला. एका ढाब्यापाशी कडेला घेतली, बंद केली नाही, भैयानं सांगितलं होतं तसं. इंजिनाचा आवाज इतका मऊ झाला होता की मी कान देऊन ऐकत बसले. मग बाजूच्या सीटकडे बघून म्हटलं, "हरलात भाऊजी." काहीच वाटलं नाही. आनंद नाही, रडूही नाही. ढाब्यावरचा माणूस चहा विचारायला आला, त्याला नको म्हटलं आणि गाडी वळवली.

संध्याकाळी मंडल्याचा तो माणूस आला. टायर लाथाडून पाहिले, हौदा ठोकून पाहिला, आत बसून चावी फिरवली. "बत्ती तो कोई नहीं जल रही, साहब," तो म्हणाला.

तुमचे दादा गोंधळले. "अच्छा? जलती तो थी."

तो जाणत्यासारखा हसला. "फिर गाड़ी में कुछ नहीं है. चलानेवाला अनाड़ी रहा होगा. नई गाड़ी ऐसे हाथ में पड़ जाए तो यही होता है."

भाऊजी, हे सगळं मीच तुम्हाला महिनोन्‌महिने ऐकवलं होतं. शब्द वेगळे असतील, पण अर्थ हाच. आणि सकाळी ते खरं असल्याचं मी माझ्या डोळ्यांनी पाहून आले होते. पण त्या परक्या माणसानं तुमच्या सीटवर बसून तुम्हाला अनाडी म्हटलं आणि तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा मला काहीतरी झालं. राग आला. 

"नहीं भैया," मी पुढे होऊन म्हटलं. "हाथ बहुत अच्छा था. गाड़ी में ही खोट है. आज नहीं जल रही, कल जलेगी. रास्ते में कहीं भी खड़ी हो जाती है. मत लो."

तो मग उतरला, दादांना हात जोडले, "दीदी ने सच बता दिया, नहीं तो आजकल कौन बताता है," असं म्हणाला आणि मोटारसायकलला किक मारून गेला.

फाटक लावून आले तेव्हा तुमचे दादा तिथंच उभे होते. "काहून अशी बोलली तू? गाडी तर चांगली चालून राहिली होती."

"चांगली आहे," मी म्हटलं. "एकदम चांगली आहे." आणि मग जे इतक्या दिवसांत आलं नव्हतं ते आलं. फाटकाला धरून मी रडले, त्यांच्यासमोर, रस्त्यावरच्या येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर. त्यांनी मला थांबवलं नाही. नुसते जवळ उभे राहिले. किती वेळानं तरी म्हणाले, "मग आता चालवणार कोण?"

"मी."

ते आत गेले आणि चावी आणून माझ्या हातात दिली.

भाऊजी, बाहेरच्या माणसापुढे मी तुमची बाजू घेतली आणि यापुढेही घेईन. कुणी विचारलं तर खोट गाडीचीच. पण आपल्या दोघांतली गोष्ट वेगळी. तिथं तुम्ही हरलात ते हरलात, आणि तुम्ही काही म्हणत नाही म्हणून मी माघार घेणार नाही. उद्या बरगीला कलमं पोचवायची आहेत. गाडी मी नेणार, आणि सांगून ठेवते, तुमच्यासारखी नाही चालवणार.